'वगैरे'त राहणारी मराठी

व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या डॉक्समध्ये फॉर्म भरून घेण्यावर एक प्रकरण आहे. त्यात पहिल्याच उदाहरणाजवळ एक छोटी चौकट येते. ती म्हणते, चिनी, जपानी, कोरियन वगैरे भाषांना आयएमई लागतो. अशा भाषेत टाइप करताना शब्द जुळत असेपर्यंत व्ही-मॉडेल अपडेट होत नाही. तेवढ्या वेळातले बदलही हवे असतील तर इनपुट इव्हेंटचा लिसनर तुमचा तुम्ही लावा. चौकट संपते आणि पुढचं उदाहरण सुरू होतं.

हा लेख त्या चौकटीवर आहे, खरं तर त्यातल्या 'वगैरे'वर.

डॉक्सची समीक्षा साहित्याच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. पण विचार करा, आज पंचविशीच्या आत-बाहेरच्या कितीतरी मुलामुलींनी आयुष्यात सगळ्यात बारकाईने, शब्द न् शब्द तपासत वाचलेलं गद्य हेच आहे. कादंबरीतलं पान समजलं नाही तर आपण पुढे जातो. इथे एक उपवाक्य नजरेआड झालं तर रात्र जाते. ज्या गद्याचा एवढा धाक आहे, ते चांगलं लिहिलंय की वाईट हे कुणीतरी बोलायला हवं. आणि मराठीत तर 'टीका' या शब्दाचे दोन्ही अर्थ जिवंत आहेत. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका आहे, आणि चहाच्या टपरीवर सरकारवर होते तीही टीकाच. डॉक्स लिहिणं हे पहिल्या अर्थाचं काम, मी इथे करतोय ते दुसऱ्या.

आधी शब्द सोडवून घेऊ. वेब पानावर काहीही घडलं, म्हणजे बोट टेकलं, पान सरकलं, चौकटीत अक्षर उमटलं, की ब्राउझर त्याची वर्दी देतो. ती वर्दी म्हणजे इव्हेंट. त्या वर्दीकडे कान लावून बसलेला कोडचा तुकडा म्हणजे लिसनर. याला 'घटना-श्रोता' म्हणता येईल, पण मराठीत घटना म्हणजे संविधानही असल्याने तो शब्द ऐकून कलम एकोणीसवरच्या व्याख्यानाला बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तेव्हा लिसनरच बरा. व्ही-मॉडेल म्हणजे व्ह्यूने आयती बांधून दिलेली दोरी: चौकटीत तुम्ही लिहाल ते प्रोग्राममध्ये जातं, प्रोग्राममध्ये बदलेल ते चौकटीत दिसतं. या दोरीच्या आतही लिसनरच असतात, फक्त ते आपल्याला दिसत नाहीत.

आता बिडकीनला या. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथल्या ७,८५५ एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. समजा, इथल्या कुणी मुलीने कामासाठी येणाऱ्यांना भाड्याच्या खोल्या शोधायला एक छोटं पान केलं. वर एक चौकट, खाली गावांची यादी: बिडकीन, चितेगाव, पैठण, वाळूज, करमाड, शेंद्रा, छत्रपती संभाजीनगर. चौकटीत लिहीत जाल तशी यादी गाळली जाते. व्ह्यू शिकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात हे करतो. तिने लॅपटॉपवर तपासलं, चाललं. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून मराठीत तपासलं, तेही चाललं, कारण इनस्क्रिप्टमध्ये एक बटण दाबलं की एक चिन्ह थेट चौकटीत पडतं, जुळवाजुळव होत नाही. मग पान लोकांच्या फोनवर गेलं. कुणीतरी 'बिडकीन' लिहिलं. यादी जागची हलली नाही.

फोनवर, विशेषतः अँड्रॉइडवर, कीबोर्ड सहसा अक्षर थेट टाकत नाही. तो शब्द हातात धरून ठेवतो, खाली रेघ मारून. वरच्या पट्टीत सूचना दाखवतो, ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघतो, आणि तुम्ही स्पेस दिली किंवा सूचनेवर बोट ठेवलं की शब्द सोडून देतो. या धरून ठेवण्यालाच ब्राउझरच्या भाषेत कॉम्पोझिशन म्हणतात. सुरू होताना एक इव्हेंट, मध्ये बदलताना एक, संपताना एक. व्ह्यूची दोरी सुरुवातीचा इव्हेंट ऐकून कानात बोटं घालते आणि शेवटचा आला की काढते. मध्ये इनपुट इव्हेंट येतच असतात, पण ती ते सोडून देते.

आणि गावाच्या एका शब्दाच्या नावापुढे स्पेस कोण देतं? बिडकीन, पैठण, करमाड, वाळूज, सगळी एकेका शब्दाची. गंमत म्हणजे 'छत्रपती संभाजीनगर' शोधणाऱ्याचं काम अर्ध्यात होतं, कारण 'छत्रपती'नंतर स्पेस येते, दोरी जागी होते आणि यादी गाळली जाते. शहराचं नाव २०२३मध्ये बदललं त्याचा असाही एक फायदा. खेड्यातला माणूस मात्र चौकटीकडे बघत बसतो आणि शेवटी म्हणतो, ॲप बंद आहे.

त्या मुलीला चौकटीतल्या त्या सूचनेचा उपयोग झाला असता का? तिने वाचली असती तरी पुढे गेली असती, असं मला वाटतं. कारण सूचना सांगते, ही अडचण काही भाषांची आहे. नावं तीन, तिन्ही पूर्वेकडची. मराठीला वाचताना वाटतं, हे आपल्याबद्दल नाही. आपली लिपी अक्षरांची आहे, हजारो चित्रांतून निवडायची नाही. 'वगैरे' हा शब्द वाचणाऱ्याला आत घेत नाही. तो लिहिणाऱ्याला मोकळा करतो. यादीत आपण आहोत की नाही हे ज्याला आधीच माहीत आहे, त्यालाच 'वगैरे' कळतो.

पण तिथे 'मराठी' असा एक शब्द घालून दुरुस्ती होणार नाही. इथेच ही चौकट नुसती अपुरी राहत नाही, ती चुकते. लॅपटॉपवर इनस्क्रिप्टने लिहिलेली मराठी दोरीपर्यंत अक्षरागणिक पोचते. उलट अँड्रॉइडवर सूचना चालू ठेवून लिहिलेली इंग्रजी बहुतेक वेळा कॉम्पोझिशनमधूनच जाते. भाषा तीच, कीबोर्ड बदलला की वागणूक बदलते. म्हणजे भाग पाडायचे होते कीबोर्डचे, आणि डॉक्सने पाडले भाषांचे. ही समजूत टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या काळातली आहे: इंग्रजीवाल्याला कीबोर्ड पुरतो, जपानी माणसाला मध्ये एक दुभाष्या लागतो. फोनने तो दुभाष्या सगळ्यांनाच दिला. डॉक्स अजून टेबलावरच बसले आहेत.

रिअ‍ॅक्टकडे वळलं की गोष्ट उलटी होते. २०२३च्या मार्चमध्ये रिअ‍ॅक्टचं नवं डॉक्स-स्थळ आलं, आणि त्यातलं इव्हेंटना उत्तर देण्यावरचं प्रकरण मी या प्रकारातलं उत्तम गद्य मानतो. एक पट्टी आहे, तिच्यात दोन बटणं: चित्रपट लावा, फोटो चढवा. पट्टीलाही लिसनर, बटणांनाही. बटण दाबलं की आधी बटणाचा निरोप येतो, मग पट्टीचा. व्याख्या नुसती वाचून सोडायची नाही, तुमच्या बोटालाही कळतं की इव्हेंट आतून बाहेर बुडबुड्यासारखा वर जातो. मग लेखक सांगतो की रिअ‍ॅक्टमध्ये सगळे इव्हेंट असे वर जातात, फक्त स्क्रोलचा जात नाही. अपवाद नियमाच्या शेजारीच सांगणं ही मोठी सभ्यता आहे. शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत अपवाद पुढच्या पानावर, बारीक टाइपात असतात आणि परीक्षेत नेमके तेच येतात.

व्ह्यूच्या डॉक्समध्येही अशा सुंदर जागा आहेत. लिसनरला शेपटासारखे जोडायचे शब्द आहेत: प्रिव्हेंट, सेल्फ, वन्स. डॉक्स स्पष्ट सांगतात की त्यांचा क्रम महत्त्वाचा. प्रिव्हेंट आधी आणि सेल्फ नंतर लिहिलंत तर आतल्या पोरांवर झालेल्या क्लिकचंही मूळ काम अडतं. सेल्फ आधी लिहिलंत तर फक्त त्या घटकावरच्या क्लिकचं. मराठीत 'फक्त मी आंबा खाल्ला' आणि 'मी फक्त आंबा खाल्ला' यांत जो फरक, तोच. आणि घटकाने स्वतः पाठवलेला इव्हेंट ब्राउझरच्या इव्हेंटसारखा वर जात नाही, हेही तिथे आडपडदा न ठेवता लिहिलेलं आहे.

म्हणजे क्रमाच्या बाबतीत हे डॉक्स श्रीमंत आहेत. का, ते इतिहासात बघायला हवं. नेटस्केपचा ब्राउझर इव्हेंट बाहेरून आत नेत असे, मायक्रोसॉफ्टचा आतून बाहेर. एकच पान दोन ब्राउझरांत दोन तऱ्हांनी वागायचं. डब्ल्यूथ्रीसीने नोव्हेंबर २०००मध्ये जे प्रमाण पक्कं केलं त्यात भांडण मिटवलं ते दोघांनाही ठेवून: इव्हेंट आधी खाली उतरतो, मग वर चढतो, तुम्हाला हवं तिथे कान लावा. आजही प्रत्येक फ्रेमवर्कचे डॉक्स या उतरण्या-चढण्यावर पानंच्या पानं देतात. जिथे ब्राउझर बनवणारे एकमेकांशी भांडले तिथे लेखन दाट झालं. जिथे फक्त टाइप करणारा अडला, तिथे चौकट आली.

रिअ‍ॅक्टच्या डॉक्सने टाइप करण्याबद्दल काय म्हटलंय? ऑनचेंज हा लिसनर मजकूर बदलला की लगेच चालतो, उदाहरणार्थ प्रत्येक बटण दाबल्यावर. तो ब्राउझरच्या इनपुट इव्हेंटसारखा वागतो, हेही प्रामाणिकपणे सांगितलंय, कारण ब्राउझरचा स्वतःचा चेंज इव्हेंट वेगळा असतो आणि नाव सारखं असल्याने नवखे फसतात. पण 'प्रत्येक बटण दाबल्यावर' ही कल्पना बघा. एक बटण म्हणजे एक अक्षर, एक बदल, असं चित्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात आहे. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारा 'बि' उमटवायला दोन बटणं दाबतो. काही कीबोर्डांवर तर शब्द पुरा होईपर्यंत चौकटीत रोमन अक्षरंच दिसत राहतात आणि स्पेस दिली की एकदम देवनागरी होतात. रिअ‍ॅक्ट कानात बोटं घालत नाही, मधलं सगळं ऐकतो. त्यामुळे आपल्या खोल्यांच्या पानावर अशा कीबोर्डातून आधी 'काही सापडलं नाही' असं येईल, आणि शेवटी बिडकीन. माणूस मध्येच फोन ठेवून देणार.

दोन फ्रेमवर्क, एकाच प्रश्नाची दोन उलटी उत्तरं. दोन्हींना कारण आहे. अर्धवट शब्दावर काम करू नये हे व्ह्यूचं म्हणणं चुकीचं नाही, आणि आलेलं सगळं पुढे द्यावं, निवड वापरणाऱ्याने करावी, हे रिअ‍ॅक्टचंही नाही. माझी तक्रार उत्तराबद्दल नाही. आपण निवड केली आहे हेच दोन्हीकडे ठळकपणे सांगितलेलं नाही. एकाने ती परभाषांच्या खात्यात टाकली, दुसऱ्याने तीन कॉम्पोझिशन इव्हेंट संदर्भ-सूचीत नोंदवले आणि ऑनचेंजच्या ओळीत त्यांचा उल्लेखही केला नाही. दोघांत मला व्ह्यू थोडा बरा वाटतो. निदान तिथे कुणाला तरी आठवण झाली. व्ह्यूचा कर्ता इव्हॅन यू मूळ चीनचा आहे, त्या भाषेत रोज टाइप करणारे वाचक त्याला पहिल्यापासून होते. ती चौकट तिथे असण्याचा याच्याशी संबंध नसेल असं मानणं मला कठीण जातं. ज्यांच्या हातांनी टाइप होतं त्यांना डॉक्स लिहिणारा ओळखत असेल, तर डॉक्स बदलतात.

खरं गद्य मात्र दोन्हीकडे तळघरात आहे, मूळ कोडमधल्या टिपणींत. व्ह्यूच्या त्या दोरीच्या कोडमध्ये एक टिपण आहे: सफारीच्या १०.२ आधीच्या आवृत्त्या, शब्द पक्का करण्याआधीच तुम्ही दुसरीकडे बोट ठेवलंत तर, कॉम्पोझिशन संपल्याची वर्दीच देत नाहीत. म्हणून आम्ही चेंज इव्हेंटकडेही कान लावलाय. दोन ओळींत अख्खी गोष्ट: कोण चुकतो, कधी चुकतो, आम्ही काय केलं. रिअ‍ॅक्टमध्ये असंच एक टिपण स्पर्शाच्या इव्हेंटांवर आहे. २०१७च्या सुरुवातीला क्रोमच्या ५६व्या आवृत्तीने ठरवलं की पानाच्या सर्वात वरच्या पातळीवर लावलेले स्पर्शाचे काही लिसनर पान सरकणं अडवू शकणार नाहीत, जेणेकरून फोनवर स्क्रोल अडखळू नये. ऑक्टोबर २०२०मध्ये रिअ‍ॅक्ट १७ने आपले लिसनर दस्तऐवजाच्या माथ्यावरून काढून ॲपच्या मुळाशी आणले. मग क्रोमचा नियम आपोआप लागू होईना. टिपण सांगते की आता हे बदललं तर वेग हातचा जाईल, म्हणून तीच वागणूक आम्ही हाताने चालू ठेवतोय. निर्णय, कारण आणि थोडी अपराधी भावना, सगळं आहे. डॉक्समधल्या गुळगुळीत वाक्यांपेक्षा मला हे गद्य जास्त आवडतं. पण ते वाचायला आधी कोड उघडावा लागतो, आणि नवशिक्या फोनवरून कोड उघडत नाही.

बिडकीनच्या पुढे त्याच रस्त्यावर पैठण आहे, आणि मजकुराबरोबर संदर्भ जपणं म्हणजे काय हे त्या मुलखाला नवं नाही. लीळाचरित्रात चक्रधरांच्या पैठणातल्या लीळा आहेत. त्यांच्या वचनांचा सूत्रपाठ केसोबासांनी वेगळा केला, नेटका, पाठ करता येईल असा. पण सूत्र सुटं झालं की प्रश्न पडतो, हे कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हटलं? त्यासाठी महानुभावांनी 'प्रकरणवश' नावाचा प्रकार घडवला: कोणतं वचन कोणत्या प्रसंगातून निघालं ते सांगणारा. पैठणातच एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत जातो हे त्यांना दिसत होतं. तुलना फार ताणू नये, फ्रेमवर्क म्हणजे ब्रह्मविद्या नव्हे. पण डॉक्स हा सूत्रपाठ आहे आणि कोडमधली टिपणं हे प्रकरणवश, एवढं म्हणायला हरकत नाही. महानुभावांनी दुसरंही पुस्तक शिष्याच्या हाती दिलं. आपल्या फ्रेमवर्कांनी ते तळघरात ठेवलंय.

'मग मराठीत डॉक्स करा' हे सोपं उत्तर इथे पुरत नाही. जावास्क्रिप्टचा मोठा संदर्भग्रंथ असलेल्या एमडीएनवर मराठी नाही, आणि असती तर मला आनंदच झाला असता. पण व्ह्यूची ती चौकट जशीच्या तशी मराठीत आणली तर काय होईल? 'चिनी, जपानी, कोरियन वगैरे भाषांसाठी' असं शुद्ध मराठीत छापलं जाईल, आणि मराठी वाचणारा मराठीतच वाचेल की हे त्याच्याबद्दल नाही. भाषांतराने शब्द येतात. टाइप करणारा हात येत नाही. त्यासाठी बिडकीनच्या मुलीने तिचं न हललेलं पान घेऊन मूळ इंग्रजी डॉक्समध्येच दुरुस्ती सुचवावी लागेल. दोन्ही फ्रेमवर्कांचे डॉक्स उघडे आहेत, कुणीही बदल पाठवू शकतं. स्वीकारतील की नाही हा पुढचा वाद.

ती चौकट मी लिहिली असती तर अशी लिहिली असती:

फोनवरचे कीबोर्ड, आणि कॉम्प्युटरवरचेही काही, शब्द पुरा होईपर्यंत तो धरून ठेवतात. हे भाषेवर नाही, कीबोर्डवर अवलंबून आहे, इंग्रजीतही होतं. तोवर व्ही-मॉडेल जुनंच मूल्य दाखवेल. नाव, पत्ता, तक्रार भरून घेत असाल तर ते योग्यच आहे, काही करू नका. लिहिता लिहिता यादी गाळायची असेल, अक्षरं मोजून दाखवायची असतील, किंवा काहीतरी लिहिल्याशिवाय बटण उघडायचं नसेल, तर व्ही-मॉडेल सोडा; मूल्य वेगळं बांधा आणि इनपुट इव्हेंटला स्वतःचा लिसनर लावा. मग मधले अर्धवट शब्दही येतील, कधी रोमन अक्षरांत. तेव्हा शब्द जुळत असताना 'सापडलं नाही' असं दाखवू नका, आधीची यादी तशीच राहू द्या. एन्टर दाबल्यावर काही पाठवत असाल तर इव्हेंटचा इझकॉम्पोझिंग हा गुण बघा, कारण काही कीबोर्डांवर तोच एन्टर फक्त शब्द निवडण्यासाठी असतो. रिअ‍ॅक्टमध्ये हा गुण वरच्या इव्हेंटवर मिळत नाही, आतल्या नेटिव्हइव्हेंटवर बघावा लागतो. आणि सफारी शब्द संपल्याची वर्दी एन्टरच्या आधीच देतो, तेव्हा बटणाचा क्रमांक २२९ आहे का तेही पाहा. तपासणी लॅपटॉपवर करू नका. फोन घ्या, सूचनांची पट्टी चालू ठेवा, 'बिडकीन' लिहा आणि शेवटी स्पेस देऊ नका.